कमरेइतक्या पाण्यात

वडिलांना पोहता येत नव्हतं.
आईखेरीज मंडळीत कुणालाच हे ठाऊक नव्हतं.
दर ऑगस्टात पांढऱ्या झग्यात ते ओढ्यात उतरायचे
अंगठ्याने गाळ चाचपत, कमरेइतक्या पाण्यात,
आणि एकेकाच्या मानेखाली हात देऊन
बुडवायचे, वर काढायचे.
"बुडवणं कुणालाही जमतं," म्हणायचे,
"पाळकाचं काम वर काढण्याचं."

उरलेले सहा दिवस ते जोडे सांधायचे, गोऱ्यांचेही.
ते मागच्या दाराने घ्यायचे, मागच्याच दाराने द्यायचे.

मिस ऑलिथिया बोझमन, वय एकाहत्तर,
एका रविवारी उपासना संपल्यावर जागची हललीच नाही.
म्हणाली, रेव्हरंड पेटिग्रू, मला मत द्यायचंय.

मयतगृहाच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे
उलटे करून त्यांच्या पाठीवर
मंडळी सही गिरवायला शिकली.
चौदा पंखे अजून माझ्याकडे आहेत.
ऑलिथियाच्या नावातला पहिला गोल
एकावरही पुरता मिटलेला नाही.

कोर्टातल्या कारकुनाने तिला परत पाठवलं
एकदा शाई निळी म्हणून,
एकदा जेवणाची सुट्टी म्हणून,
दोनदा काहीच न बोलता.
डीकन विल्की म्हणाले, देवळाचा विमा रद्द झालाय,
आता पुरे.
आईने दोन दिवस अबोला धरला.
तिसऱ्या दिवशी माझा पलंग
खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावला.

फेब्रुवारीत वडिलांना पुलावर नेलं.
चौघे होते, तोंडं झाकलेली.
एकाचे जोडे वडिलांनी ओळखले,
टाच त्यांनीच बसवली होती.
पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही.
पहाटे दारात उभे, निथळत,
एका पायात जोडा नाही.
"खोल नव्हतं," एवढंच बोलले.
आईने चूल पेटवली. मी झोपेचं सोंग घेतलं.

दोन वर्षांनी नवा कायदा आला, नवा कारकून आला.
ऑलिथिया पायऱ्या चढली तेव्हा
वडिलांचा हात तिच्या मानेमागे होता,
न टेकवता, बोटभर अंतरावर.
ती बाहेर आली तोंड उघडं टाकून,
श्वास ओढत,
आणि पहिलं वाक्य बोलली ते चष्म्याबद्दल:
आत विसरला होता.

ओढ्यात मात्र ते पुन्हा उतरले नाहीत.
नव्या देवळात वेदीमागे सिमेंटची टाकी बांधली,
आतून निळी रंगवलेली.
पाणी सोडण्याआधी
जोडे मापायची पट्टी घेऊन
तिची खोली त्यांनी स्वतः मोजली.
दोनदा.