फाटकाचं गणित

सहा किलो.
रद्दीवाल्या चौरसियाचा आकड्याचा काटा
फाटकाच्या कडीत अडकवला, हळूहळू ओढलं.
चाकं कुरकुरली, फाटक सरकलं
तेव्हा काटा सहावर थरथरत होता.
गावित सर म्हणाले होते, किलोला दहाने गुण,
बोर्डात चालतं.
साठ न्यूटन.

अंतर पावलांनी नको, टेपने मोज, असंही म्हणाले होते.
टेप सुताराची,
बी-विंगच्या सातव्यावर किचन चाललंय त्याची.
साडेचार मीटर.
साठ गुणिले साडेचार, दोनशे सत्तर ज्यूल.
लावायला पुन्हा तेवढेच.
एका गाडीचे पाचशे चाळीस.

सतरा नंबरचा फॉर्म भरलाय मी.
पुस्तक नववीचं, पोंक्षेबाईंच्या नातवाचं.
समासात विमानं, एक मिशीवाला मास्तर,
आणि सूत्राखाली दोनदा रेघ:
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.

विस्थापन.
हा शब्द मला आधीच येत होता.
आजाच्या पेटीत एक कागद आहे, तहसीलचा शिक्का,
त्यात तो तीनदा येतो.
सर म्हणाले, लाडकू, तो वेगळा.
इथे सुरुवात कुठे नि शेवट कुठे एवढंच बघायचं,
मधली वळणं सोडून द्यायची.
वहीत तसंच लिहून घेतलं.
धरणाच्या पाण्याखालचं जातं
ते घोडबंदर रोडची ही खुर्ची,
सरळ रेषेत,
आमच्या घरात अजून कुणी मोजलेलं नाही.

काल रात्री रजिस्टरात गाड्या दीडशे.
डी-विंगचा तो धरून, जो हॉर्न दोनदा देतो
मी उठलेला दिसत असताना.
दीडशे गुणिले पाचशे चाळीस:
एक्क्याऐंशी हजार.
छाती जरा पुढे आली.
एक्क्याऐंशी हजाराचं काही
माझ्या नावावर याआधी नव्हतं.

मग चहाबरोबरचा पुडा उलटा केला.
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत:
शंभर ग्रॅमला साडेचारशे किलोकॅलरी.
बिस्किट भरतं साडेचार ग्रॅम.
एका किलोकॅलरीचे बेचाळीसशे ज्यूल.
तीनदा केलं. पेन बदलून केलं.
रात्रभराचं माझं फाटक
म्हणजे एक ग्लुकोज बिस्किट.
तेही पुरतं नाही,
चार हजार ज्यूल उरतात,
चहात पडून तळाला जातो तो तुकडा.

खांदे काहीतरी वेगळंच सांगत होते.
पण खांद्यांना सूत्र कुठे येतं.

पहाटे चारला पाण्याचा टँकर आला
आणि फाटक अर्ध्यावर अडकलं.
मी रेटलं. ड्रायव्हर उतरला, त्यानेही रेटलं.
पाय डांबरावरून मागे घसरत होते,
शर्ट पाठीला चिकटला,
येऊरच्या अंगाला कुत्री भुंकायला लागली.
वीस मिनिटं.
फाटक जिथल्या तिथे.
बल, चौरसियाचा काटा तुटला असता एवढं.
विस्थापन शून्य.
म्हणजे दोघांनी मिळून काही केलंच नाही,
पुस्तकाप्रमाणे.
ड्रायव्हरला हे सांगितलं.
त्याने सरांच्या नावाने जी शिवी दिली
ती उत्तरपत्रिकेत लिहिता येणार नाही.

मग टॉर्च मारून रुळात बघितलं.
खडी.
चिंचोक्याएवढा एक दगड, चाकापुढे.
स्क्रू ड्रायव्हरने उचकटला,
एका हाताने ढकललं,
फाटक गेलं.

दगड शर्टाच्या खिशात आहे.
सकाळी मेडिकलवाल्याच्या वजनकाट्यावर ठेवला: पाच ग्रॅम.
जमिनीपासून खिसा सव्वा मीटर.
पॉइंट शून्य सहा ज्यूल, थोडे वर.
रविवारी सरांना दाखवणार आहे.
उत्तर बरोबर आलंय हे माहीत आहे,
तरी विचारायचंय.