पेन्सिल सेल

स्पीकर तपासायला माझ्याकडं फार काही नसतं.
एक पेन्सिल सेल, दोन तारा.
लालला टोपीकडचं टोक, काळ्याला बूड,
आणि कोनच्या कागदावर बोट.
टक्. बाहेर आला तर सरळ,
आत गेला तर उलटा.
बाकी मिरचीचा ठसका,
तो संकेश्वरच्या या गल्लीत बारमाही फुकट.

शिदव्वाच्या डेकचे दोन्ही बॉक्स उलटे निघाले.
एकच उलटा असता तर मधला आवाज पोकळ झाला असता,
कुणीही सांगितलं असतं.
दोन्ही उलटे असले की पत्ता लागत नाही:
हवा ढकलायची तिथं ओढतात,
ओढायची तिथं ढकलतात,
आणि दोघांचं आपसात पटतं.

ती आलेली बेल्ट बदलायला.
बेल्टचे साठ घेतले.
तारा मी आपणहून सरळ केल्या.

चौथ्या दिवशी डेक डोक्यावर, बॉक्स नातवाच्या सायकलला.
"काय केलास रे ह्याला?"
"काय झालं, अव्वा?"
"ह्यो वळलाय."

कॅसेट एकच. दुर्गाप्पाची हलगी,
हिटणीच्या जत्रेत कुणीतरी भरलेली.
नाव मराठीत, तारीख कन्नड आकड्यांत.
मी लावली. तारा फिरवल्या, परत लावली.
काही कळेना.
चहाला बसलेले मगदूम सर म्हणाले,
"माणसाच्या कानाला हे कळतं का,
यावर शहाण्यांची अजून भांडणं आहेत."

"तुमी फुडं उभारून ऐकतासा," शिदव्वा म्हणाली.
"मी कवा फुडं गेलतो?
मागं जाळाजवळ बसलेलो.
एक थंड पडली की दुसरी तापवून द्यायचो."

फाटका कोन पडला होता टेबलावर.
तो दोघांच्या मध्ये धरून टिचकी मारली.
माझ्याकडून आत गेला.
तिच्याकडून बाहेर आला.
सरांनी कप खाली ठेवला.

टिपरू पडतं तेव्हा कातडं वाजवणाऱ्याच्या छातीकडं जातं.
समोरची जत्रा त्या पहिल्या क्षणाला
केसभर त्याच्याकडं ओढली जाते.
मागं बसलेलीला हवेचा धक्का.
तो गेल्यावरही, कुणा पोरानं चुकीच्या जोडलेल्या तारांतून,
तिला तोच मिळत होता, रोज रात्री, जेवणं झाल्यावर.
मी दुरुस्ती केली
आणि तिला उचलून गर्दीत उभं केलं.

बॉक्स परत उघडले.
लालवर काळी, काळ्यावर लाल.
आतल्या फळीवर खडूनं लिहिलं,
पुढच्या मेकॅनिकसाठी, दोन्ही लिप्यांत
(कन्नड मला बोलायला येतं, लिहायला सरांचा हात):
उलटं आहे. राहू दे.

ती कनवटीची गाठ सोडायला लागली.
इरली, म्हटलं.

फरक मला अजून ऐकू आलेला नाही.