पिळू नये

बार्शीहून पार्सल आलं, एकवीस दिवसांनी.
खोक्याला चिकटपट्टी एवढी,
की आतून कुणी पळून जाणार होतं जणू.
आत झबली, टोपरी, जुन्या लुगड्याची दुपटी,
आणि घडीघडीत डांबरगोळ्या.

हेल्थ व्हिजिटर कर्स्टी वास घेऊन मागे सरली.
तान्ह्या बाळाजवळ ह्या गोळ्या अजिबात नकोत, म्हणाली.
कपडे आधी वाऱ्यावर टाका, मग धुवा, मग पुन्हा धुवा,
वास पुरता जाईपर्यंत अंगात घालू नका.
सॉफ्टनर नको. सुगंधी पावडर नको.
मोजे उलटे करून बघा, आतला सुटा दोरा
बोटाला फास बसवतो.
मी मान डोलावत होतो.
आईला हे सांगायचं कसं, एवढंच डोक्यात.

आईची यादी फोनवर, वेगळी :
बाळाचे कपडे पिळू नयेत,
बाळ आळोखेपिळोखे देतं.
दिवेलागणीनंतर बाहेर ठेवू नयेत.
आई, इथे डिसेंबरात दिवेलागण साडेतीनला होते.
"मग अडीचला काढ."

डंडीचं पाणी मऊ.
आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजायची नाही,
साबण नासक्या दुधासारखा फाटायचा.
इथे चिमूटभर पावडर पडली तरी फेस
जेवून बसलेल्या पाहुण्यासारखा,
निघायचं नाव घेत नाही.
टबाच्या कडेला गुडघे टेकून मी खळबळत राहिलो,
तीनदा, चारदा,
बायको पलीकडे तासाभराची झोप
उसनी घेतल्यासारखी झोपलेली.

सहाव्या झबल्यात, बंदाजवळ, आतल्या बाजूनं
लाल दोऱ्यानं भरलेलं एक अक्षर :
सु.

माझं नाव निनाद. लेकीचं शाल्मली.
भाऊबहीण कुणी नाही.

"आई, सु कोण?"
तिकडे कुकरची शिट्टी झाली.
दुसरी झाली.
गॅस बंद केल्याचा आवाज आला.
"तुझ्या आधीची.
अकरा दिवस होती. बारसं बाराव्याला होतं ना.
नाव माझ्याजवळच राहिलं."
मग, भाजीचा भाव सांगावा तशी :
"एकदाच अंगावर गेलंय ते. मलमल चांगलं आहे.
वाया कशाला घालवायचं.
ब्रश लावू नकोस त्याला."

बाकीचे मशीनमध्ये गेले.
हे एक हातात राहिलं.
थंड पाण्यात सोडलं, चोळलं नाही,
न्हाऊ घालताना मानेखाली हात धरतात
तसा अक्षराखाली हात धरला.
रंग जाईल म्हणून पाण्याकडे बघत होतो.
पाणी पांढरंच राहिलं.
चाळीस वर्षांचा दोरा, त्यानं काही सोडलं नाही.
कोरड्या टॉवेलात गुंडाळून
तळव्यानं दाबलं, थोडं थोडं.

खाली सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक हिरवळ,
लोखंडी खांब, ताणलेल्या दोऱ्या.
मिसेस गेडीज आपल्या चादरी सरकवून
मला हातभर जागा करून देतात.
"खांद्याला चिमटा लावू नकोस, खूण पडते.
खालच्या कडेला लाव."
टे नदीवरून वारा येतो, नाकाचा शेंडा बधिर.
"सुकायचं नाही आज," त्या म्हणतात, "पण वास जाईल."
कुठला वास, ते विचारत नाहीत.

अडीच वाजता काढलं.
दमट. नाक लावून बघितलं,
डांबर अजून आहे, पुसट,
आणि त्याच्याखाली आईचं कपाट.
म्हणजे उद्या पुन्हा धुवायचं.
दोन्ही धुवायचं का, हे कर्स्टीला विचारता येणार नाही.

झबलं खुर्चीच्या पाठीवर टाकलं,
पाळण्यापासून लांब, खिडकीशी.
बाहेर रस्त्यावरचे दिवे लागायला लागले.
आत शाल्मलीनं आळस दिला,
दोन्ही मुठी वर, अंगाची कमान, चेहरा लालबुंद,

आणि मी चटकन माझ्या हातांकडे बघितलं.
नाही.
पिळलं नव्हतं.
नक्की नव्हतं पिळलं.