वाट पाहतोय

हीउमा बेटावर, पाणीपातळीच्या खोलीत
उर्वे तीन दिवस एकच प्रोग्रॅम उसवतेय, शिवतेय.
आधी केबल जरा हलली
की तो दार आपटून चालता व्हायचा.
आता उंबऱ्याशी बसून राहतो:
'पोर्ट नाही. वाट पाहतोय.'

दोन अक्षरांमध्ये तिनं वीस मिलिसेकंद ठेवलेत.
यंत्र सत्त्याऐंशी सालचं,
भराभर भरवलं तर घास सांडतं.

ते जोडणारा एंडेल येतो, बूट न काढता,
मुद्दाम प्लग उपसतो.
पडदा गप्प.
किटलीला उकळी येते, ओसरते.
मग सावकाश परत खोचतो.

१६:४०:०७ पाणी ६३ सेंमी
१६:४०:०८ पाणी ६३ सेंमी

"हं," म्हणतो एंडेल.
या बेटावर
एवढ्यालाच शाबासकी म्हणतात.