ना-हरकत

फिजिशियन म्हणाले, प्रेशर उत्तम, साखर उत्तम,
पण छातीत एक आवाज येतोय जास्तीचा.
लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं?
नव्हतं.
लहानपणी सगळे जबड्याबद्दलच बोलायचे.

मग इको. अकोट्याचा पूल ओलांडून, दुसरा मजला,
डाव्या कुशीवर, बरगडीवर गार जेली.
पडद्यावर एक काळपट झडप
दार लावायचं विसरलेल्या घरासारखी
उघड-मीट, उघड-मीट.
तंत्रज्ञ मुलगा तिळाची चिक्की चघळत म्हणाला,
टेन्शन नहीं लेवानुं, बेन.
कागदावर आलं : किंचित ढिली. भूल देण्यास हरकत नाही.
खाली सही, न वाचता येणारी.

हरकत नाही, हरकत नाही,
महिनाभर हेच गोळा करत फिरतेय मी
रावपुऱ्यापासून फतेहगंजपर्यंत.
रक्ताची. लघवीची. छातीच्या एक्स-रेची.
बँकेत मॅनेजरसाहेबांची :
सहा आठवडे न बोलणारी बाई काउंटरवर
तशीही काय कामाची, असं ते म्हणाले नाहीत,
रजेवर सही केली.
अक्कलदाढा गेल्या वर्षीच काढल्या.
त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, तोंड उघडा.
स्वतःची तीन बोटं उभी घाला.
गेली अडीच.
त्यांनी अडीच लिहिलं.
नळी नाकातून जाईल, कुठली नाकपुडी जास्त मोकळी?
एकतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा.
एक दाबून पाहिली, मग दुसरी.
डावी, म्हटलं,
मतदान करून आल्यासारखं वाटलं.

सर्जननी संगणकावर माझा चेहरा गोल फिरवला.
खालचा जबडा सहा मिलिमीटर मागे, वरचा तीन पुढे.
खालचा ओठ बधिर राहू शकतो. काही महिने. कधी कायमचा.
इथे सही करा.
शलाका यशवंतराव फणसे.
केली.

फणशांची हनुवटी म्हणतात आमच्याकडे.
वाडीतल्या कुठल्याही लग्नात
एखादी अनोळखी म्हातारी पंगतीच्या त्या टोकावरून विचारणार,
यशवंताची का गं तू?

बाबांना दातांनी दोरा तोडता येत नसे.
खालचे दात पुढे, वरचे मागे,
कात्रीची पाती एकमेकांना भेटायचीच नाहीत.
उत्तरायणात गच्चीवर किन्ना बांधून झाला
की पतंग आईपुढे धरायचे,
आणि ती, हात उंधियूने माखलेले, नुसती मान पुढे करून
कट्.
मग माझा पतंग.
कट्.
दोन फणसे आणि एक दातवाली, बाबा म्हणायचे.
ते गेल्यावरचं हे चौथं उत्तरायण.
पतंग आणलेच नाहीत.
ऑपरेशन एकोणीसला.

आईची हरकत कुठल्या फॉर्मवर नव्हती.
एकदाच, तुरीच्या शेंगा सोलताना म्हणाली,
मग हसताना कशी दिसशील?
माहीत नाही, म्हटलं.
हं, म्हणाली.
दाणे एकीकडे, सालं एकीकडे.

काल नर्सने समजावलं :
दात रबरांनी बांधलेले असतील.
रात्री उलटी आलीच तर रबरं ताबडतोब कापायची,
कात्री उशाशीच हवी.
कोण कापणार?
मी फॉर्ममध्ये मामेभावाचं नाव शोधत होते.
मी, आई म्हणाली.

आत्ता अकरा वाजून गेलेत, स्वयंपाकघरात दिवा आहे.
ओट्यावर माझ्या दातांचा प्लास्टरचा साचा,
मापं घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी दिलेला,
इतके दिवस टीव्हीशेजारी पडून होता.
खालचे दात पुढे, वरचे मागे.
आईने त्यावर मिठाईच्या खोक्यांची रबरं चढवलीत,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
वाकड्या टोकाची कात्री आत सरकवते आणि मोजते.
एक. दोन.
तिसऱ्याला हात थरथरला, साचा ओट्यावर घसरला.
तिने तो डाव्या हाताने हनुवटीपाशी धरला.
हलू नका हो, म्हणाली,
आणि चौथं रबर चढवलं.