प्रश्नचिन्हाआधीची जागा

ग्झीराला, दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर,
माझ्यापुढे तीन चौकटी उघड्या असतात.
लाल चौकटीत मी पेट्रा.
हिरवीत सोफी.
निळीत ब्रिगिटा, हिचं इंग्रजी मुद्दाम जरा अडखळतं,
ऑफिसचं म्हणणं, त्यानं विश्वास बसतो.
खरं नाव चेन्सा. ते पगाराच्या स्लिपवर असतं
आणि बाबांच्या तोंडी.

फिओर्ड पोकर, कासा बेलिस, रिव्हर फॉक्स:
तिघं एकमेकांना पाण्यात पाहतात,
आणि पाण्याला इथं तोटा नाही,
खिडकीपासून व्हॅलेटाच्या घुमटापर्यंत पाणीच पाणी.
एकानं तीस टक्के परत दिले की दुसरा तेहतीस,
तिसरा पस्तीस, वर टोपी, वर बार्सिलोनाचं तिकीट.
लाल ब्रँडचा लेनार्ट दर मंगळवारी ओरडतो,
"आमची माणसं पळवतायत!"
ज्यानं पळवली तो शेजारच्याच खुर्चीवर.
दुपारी दोघं एका पुडीतले पास्तीत्सी खातात
आणि आपापले आकडे
तेलकट हातानं झाकून ठेवतात.

टेबल एकच आहे.
पत्ते पिसणारा एकच, कुठल्याशा तळघरात, गार खोलीत,
हात नसलेला, झोप नसलेला.
कोण कुठल्या दारानं आत आलं
याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही.

आमच्या गावात बँडचे दोन क्लब आहेत.
बाबा सेंट बाजूचे, मामा दुसऱ्या,
जत्रेच्या आठवड्यात दोघं बोलत नाहीत.
कुणाचे फटाके जास्त वर गेले
यावर लग्नं मोडलीत.
दारू मात्र दोघांना
न्हाव्याच्या मागे राहणारा तो एकच माणूस भरून देतो.
हे सगळ्यांना माहीत आहे.
आमच्या ग्राहकांना नाही, एवढाच फरक.

ओउलूचा ताउनो केत्तुनेन.
कागदाच्या गिरणीत रात्रपाळी, सुटला की पहाटे खेळतो.
मार्चमध्ये त्यानं पेट्राला लिहिलं,
"चोर आहात तुम्ही. दोन एक्के होते माझ्याकडे. दोन."
दिलगिरीची मला अकरा वाक्यं पाठ आहेत,
चौथं पाठवलं, खातं बंद केलं.
वीस मिनिटांनी हिरवी चौकट लुकलुकली:
"नमस्कार सोफी. मी नवीन.
आधी एका भिकार जागी होतो."
या, म्हटलं, बसा. बोनस चढवला.
तो त्याच टेबलावर
त्याच जर्मन म्हाताऱ्यासमोर जाऊन बसला
ज्यानं त्याचे एक्के गिळले होते.
"इथले पत्ते प्रामाणिक वाटतात," म्हणाला.

मला हसू आलं. मग आलं नाही.

ऑगस्टमध्ये वरून फतवा निघाला:
आपसातली पळवापळवी बंद, सगळीकडे सत्तावीस टक्के.
लेनार्टनं उसासा टाकला, तो सुटकेचा होता.
त्याच आठवड्यात कासा बेलिसनं
"निष्ठावंत मित्र" नावाची योजना काढली
आणि पुन्हा सगळं सुरू.

काल रात्री निळी चौकट.
ताउनो. तिसऱ्या दारात उभा.
टक्क्यांचं काही विचारलं नाही त्यानं.
लिहिलं:
"ब्रिगिटा, मी खेळाडू फार बरा नाही,
पण समोरचा काय लपवतो ते मला दिसतं.
प्रश्नचिन्हाआधी तुम्ही एक जागा सोडता.
सोफी सोडायची.
पेट्राही."

समुद्रावर फेरीचा शेवटचा दिवा सरकत होता.
खाली दंतवैद्याकडे कुणीतरी विसरलेला फोन वाजत होता.
सातवं वाक्य बोटांवर आलं:
आपला काहीतरी गैरसमज झाला असावा.
लिहिलं. पुसलं.
संभाषणं तपासली जातात, महिन्याला पाच टक्के,
त्यात हे येईल की नाही
हा माझाही जुगारच.

मग मी नेहमीचं शेवटचं वाक्य घेतलं,
सगळ्या चौकटींत चालतं ते,
आणि सावकाश, अंगठ्यानं,
ती जागा सोडली.

आणखी काही मदत करू का ?