वीतभर अंतरावरून

ओहोटी लागली की आचऱ्याच्या खाडीत
खडप उघडं पडतं,
आणि पिरावाडीच्या बायका उतरतात कोयती घेऊन,
जुन्या लुगड्याची चिंधी बोटांना गुंडाळून.
कालवाच्या कडेला जी धार असते
ती न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही नसते.
भरती यायच्या आत प्रत्येकीच्या हातावर
चार-दोन लाल रेघा.
कुणी त्यांना जखम म्हणत नाही.
जखम म्हणजे टाके.
ह्या नुसता 'लागला'.

लागला की तपकीर दाबायची,
नाहीतर चुना,
नाहीतर सरळ हात खाडीत:
"खारा पाणी सगळा ओढून घेता."
शालन सारंगचं बोट असंच ओढून घेतलं
गेल्या मार्गशीर्षात. एक पेर.

मी कणकवलीला मेडिकलच्या काउंटरवर असते.
सुट्टीला आले ती आयोडिनचा स्प्रे घेऊन,
आणि पडवीत बसले, एखाद्या डॉक्टरणीसारखी.
आधी गोडं पाणी, म्हटलं, हंड्यातलं,
रेती आणि शिंपीचा कपचा निघेपर्यंत.
मग टिपा. चोळू नका, टिपा.
मग डबा हलवायचा,
वीतभर लांब धरायचा,
आणि एकदाच, फुस्स.
दोनदा मारलं म्हणून दुप्पट बरं होत नाही.
तोंडाजवळ नको, डोळ्यांजवळ तर नकोच,
आणि मंदाकाकी, ती विडी विझव आधी,
ह्या डब्यातल्या वाऱ्याची आगीशी सोयरीक आहे.

"मेंदी काढतंस काय गो?"
मंदाकाकीने पिवळं-तपकिरी बोट उन्हात धरलं.
सगळ्या हसल्या. रांग लागली.
शालननेही हात पुढे केला,
आखूड बोट मुठीत लपवून.

टिकमांचा गौरांग लंगडत आला.
टाचेत गळ, गंजलेला, अर्धा आत.
मारा म्हणाला, मला पण फुस्स मारा.
मी डबा खाली ठेवला.
खोल शिरलेलं वरून रंगवायचं नसतं, बाबा.
गळ ओढू नका, तसाच घेऊन जा दवाखान्यात,
धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आजच्या आज.
तो रडला, इंजेक्शनाच्या नावाने.
त्याचा काका मोटारसायकल काढायला पळाला.

सगळ्यात शेवटी आई.
दोन्ही हात पुढे, तळवे वर,
प्रसादाला धरावेत तसे.
मी मोजल्या नाहीत. मोजवल्या नसत्या.
वीतभर लांब धरला डबा,
बोट बटणावर,
आणि आठवली ती पांढरी गोळी,
रोज पहाटे चहाच्या आधी ती घेते,
गळ्याची,
जी दर महिन्याला मीच पाठवते एसटीने.

डब्यावरची बारीक अक्षरं
मी अनोळखी माणसांना रोज वाचून दाखवते:
थायरॉईड असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, तरी विचारा.
माझ्या आईला वाचून दाखवायचं राहिलं होतं.

"का गो? माज्या रगताक काय धाड भरली?"
धाड नाही. तुझ्या गळ्याचा हिशेब वेगळा आहे.
"थेंबभर मारलास तर?"
एखाद्या वेळेला चालेलही. पण तुझं रोजचं आहे,
विचारून सांगते.

मग मी साबण आणला
आणि तिचे हात धुतले,
एकेक बोट, नखाखाली, पेरांच्या घडीत.
इतका वेळ तिचे हात मी कधी धरले नव्हते.
तिला ते अवघड झालं;
ती खाडीकडे बघत राहिली,
भरती बघितल्यासारखं करत.
मधेच रिकामी झाकणी हुंगली तिने.
"ह्येका आपल्याच दर्याचो वास येता."
असेल. दर्यात पण असतं ते.
"मगे रोज त्यातच हात घालतंय मा मी?"
यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
कोरडी जाळीची पट्टी गुंडाळली, सैलसर.

सकाळी उठले तर आई नव्हती.
ओहोटी साडेपाचची.
पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातलेली,
चिमटा लावून.
डबा चुलीपासून लांब, कोनाड्यात,
आणि दारात शालन, मूठ उघडून:
"ता फुस्स खंय आसा?"